वारं पुढच्याला लागतं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे आमच्या मुक्ताईनगरला महामार्गाच्या कडेला येऊन उभे राहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापी-पूर्णेचं हे लांबट खोरं. मे महिन्यात जिथे भट्टी पेटते, तिथेच या दिवसांत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. उत्तरेकडून वारं सुटलं की केळीच्या बागा कोमेजून जातात. शेतकरी त्याला 'चरका' म्हणतात. पानं पिवळी पडतात, नवं पान अडकून बसतं. ज्या वाऱ्याने केळीचं हे होतं, त्या वाऱ्यात चहाच्या टपरीजवळ शेकोटी करून बसलेली माणसं एकमेकांशी बोलतानासुद्धा तोंडावरचा रुमाल काढत नाहीत.

अशा पहाटे कधी कधी या रस्त्यावरून सायकलींची एक रांग जाते. दहा-बारा जण, डोक्यावर टोप्या, मागे बोचकी बांधलेली. कुणी नर्मदेकडे निघालेले, कुणी त्याहून लांब. एका टोकाला सुरतजवळच्या हाजिऱ्याला आणि दुसऱ्या टोकाला कोलकात्याला मिळणारा हा जुना रस्ता. कागदोपत्री त्याचा इथला भाग आता ५३ क्रमांकाचा झाला, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'सहा नंबरचा हायवे'च आहे. त्यामुळे लांबचे प्रवासी आम्हाला नवे नाहीत. तरीही शेकोटीपाशी बसलेला कुणीतरी म्हणतोच, "एवढ्या थंडीत यांना कुणी सांगितलंय?"

हा प्रश्न खरा आहे, आणि आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. थंडीत, अंगावर वारं घेत, घोळक्याने लांब सायकल मारत जाण्याचा इतिहास आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. त्यात मोठी माणसं आहेत, विसरली गेलेली माणसं आहेत आणि आपल्या खानदेशाचाही एक धागा आहे.

सामूहिक प्रवासाची आमच्या गावाजवळची सर्वांत जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तापी आणि पूर्णेचा संगम जिथे होतो, ते चांगदेव गाव इथून जवळ आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले चांगदेव आणि त्यांना सामोरी जायला भिंत चालवणारी चार भावंडं ही कथा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही माहीत असते. कथेकडे कथा म्हणूनच पाहू. पण त्यात एक गंमत आहे. चांगदेव एकटे आले, जिवंत वाहनावर. भावंडं चौघं मिळून आली, निर्जीव वाहनावर. आणि त्या चौघांतल्या सर्वांत धाकट्या मुलीला, मुक्ताईला, पुढे चांगदेवांनी गुरू केलं. एकट्याच्या सामर्थ्यापेक्षा बरोबरीने बसून जाणाऱ्यांचं सामर्थ्य वेगळं असतं, हे आमच्या मातीतच सांगितलेलं आहे म्हणा ना.

आता सायकलवर बसलेल्या माणसाला वारं नेमकं काय करतं ते पाहू. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद रस्त्याशी झगडण्यात जात नाही, ती हवेशी झगडण्यात जाते. आणि हवेचा हिशेब सरळ नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. समजा, तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून तेवढ्याच वेगाचं वारं आलं. तुमच्या छातीला ते ३० किलोमीटरचं लागतं. म्हणजे वेग न वाढवताही हवेचं ओझं चौपट झालं. म्हणूनच जुने सायकलवाले म्हणायचे की घाट परवडला, समोरचं वारं नको. घाटाचा माथा दिसतो, वाऱ्याला माथा नसतो.

आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. कुणाला ज्या वाऱ्यातून वीज मिळते, त्याच वाऱ्यात दुसऱ्या कुणाचा दम निघतो.

थंडीचंही तसंच. थर्मामीटरवर १० अंश दिसत असले, तरी ताशी ३० किलोमीटरचं वारं अंगावर येत असेल तर उघड्या कातडीला ते सहा-सात अंशांसारखं लागतं. पाच अंश असले तर जवळजवळ शून्यासारखं. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो अंटार्क्टिकावर. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४०च्या सुमारास तिथे पाण्याने भरलेली नळकांडी वाऱ्यात टांगली आणि ते पाणी गोठायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजलं. त्यांना जे मोजावं लागलं, ते आपल्या दूधवाल्यांना न मोजताही माहीत होतं. पहाटे सायकल काढण्यापूर्वी शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घडी करून घालायचं, ही युक्ती त्यांची. युरोपातले शर्यतीचे सायकलस्वारही घाटमाथ्यावर पोचले की हेच करत आणि मग उतार धरत. वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांना फारसा आवडणार नाही, पण अंक थंडीत वाया गेला असं निदान कुणी म्हणणार नाही.

यावर उपाय काय? उपाय एकच, आणि तो घोळक्यात आहे. पुढच्याच्या चाकामागे आपलं चाक ठेवून चाललं, तर मागच्याची मेहनत साधारण पाव ते एक तृतीयांश वाचते. पुढचा माणूस हवा फोडतो आणि मागचे त्याच्या आडोशाला चालतात. पण पुढचा तर दमणारच. म्हणून काही अंतर गेलं की तो बाजूला होतो, रांगेच्या शेवटी येतो आणि दुसरा पुढे जातो. सगळी विद्या एवढीच. वारं पुढच्याला लागतं, म्हणून पुढची जागा सगळ्यांनी वाटून घ्यायची.

ही विद्या माणसाने शोधली असं मानायचं कारण नाही. हिवाळ्यात आमच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. संध्याकाळी त्यांच्या माळा बाणाच्या आकारात जाताना दिसतात. युरोपात आयबिस जातीच्या, म्हणजे आपल्या शराटीच्या भाऊबंद असलेल्या पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रं बसवून अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ आणि २०१५ साली प्रसिद्ध झाले. मागचा पक्षी पुढच्याच्या पंखांनी वर ढकललेल्या हवेचा आधार घेतो, आणि पुढची जागा ते आळीपाळीने घेतात, असं त्यात दिसलं. फुकट आडोसा घेत कुणी कायम मागे राहत नाही. माणसांबद्दल मात्र असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तिथेच आपला इतिहास सुरू होतो.

१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कापडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. युरोपातून पायी हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचं भाषण ओव्हल मैदानावर झालं होतं, ते ऐकून या वेडाची ठिणगी पडली असं सांगतात. एक भाषण ऐकून सहा जण घर सोडतात, हे ऐकल्यावर भाषण करणाऱ्याने जरा जपूनच बोलावं असं वाटतं.

त्या काळची सायकल कशी होती ते ध्यानात घ्या. हिंदुस्थानात सायकली बनतच नव्हत्या, त्या विलायतेहून यायच्या. आजच्यासारखे वीस-पंचवीस गिअर नाहीत. जड लोखंडी सांगाडा, त्यावर कपडे, औषधं, नकाशे, पंक्चर काढायचं सामान. वाटेत काही मोडलं तर जो लोहार भेटेल त्याच्या भात्यापुढे बसायचं. भाषा यायची नाही, पैसा फार नाही, आणि पारतंत्र्यातल्या देशाचे नागरिक म्हणून कुठल्या सरहद्दीवर कशी वागणूक मिळेल याची खात्री नाही.

ते उत्तरेला पंजाबातून बलुचिस्तानात आणि तिथून पर्शियात, म्हणजे आजच्या इराणात शिरले. ऑक्टोबरात मुंबई सोडलेल्या माणसाला त्या उंच पठारांवर हिवाळाच गाठतो. उघडा, झाडं नसलेला मुलूख, दोन वस्त्यांमध्ये मैलच्या मैल अंतर आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. मुंबईच्या मुलांना थंडी म्हणजे पहाटे ओढायची चादर. त्यांना ही थंडी नवी होती. पुढे मेसोपोटेमियाच्या वाळवंटात नेमकं उलट झालं, तिथे उन्हाने जीव कासावीस केला. तिथून सीरिया, इजिप्त आणि मग युरोप. आल्प्समध्ये त्यांनी ६,६०० फुटांपर्यंत चढ काढला, हिमलोट चुकवत. मग इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, यादवीत होरपळणारा चीन, आग्नेय आशिया आणि ब्रह्मदेशातून परत. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत पोचले. चार वर्षं, पाच महिने आणि सुमारे ७१,००० किलोमीटर.

एक लहानशी गोष्ट आपल्या या माध्यमाची. ते निघाले तेव्हा मुंबईला रीतसर रेडिओ केंद्र नव्हतं. ते २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. म्हणजे एक आख्खं युग बदलण्याइतका काळ ही मुलं रस्त्यावर होती.

पण 'ते पोचले' असं जे मी म्हटलं, त्यात एक दुरुस्ती करायला हवी. सहा जण निघाले होते, पोचले तिघे. हकीम, बापासोला आणि भुमगरा. नरिमान कापडिया घरच्या कारणासाठी तेहरानहून परतला. गुस्ताद हाथीरामला अमेरिका एवढी आवडली की तो तिथेच राहिला. त्याच्या या निर्णयाने मन विटलं म्हणून केकी पोचखानवाला घरी निघून आला. पाहा, जो चमू बलुचिस्तानच्या वाऱ्याने फुटला नाही, मेसोपोटेमियाच्या उन्हाने फुटला नाही, आल्प्सच्या बर्फाने फुटला नाही, तो अमेरिकेच्या सुखसोयींपुढे फुटला. संकट माणसांना एका रांगेत ठेवतं, रस्ता सरळ आणि सोपा झाला की रांग मोडते. संसारातही हेच पाहतो आपण.

मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. परत येणाऱ्या कापडियालाही कुठेतरी घर हाक मारत होतं. पण त्या तिघांनी चार वर्षं, पाच महिने पुढची जागा एकमेकांत कशी वाटून घेतली असेल, याचा विचार मनात येतो. सहा जणांत दर सहाव्या खेपेला वारं छातीवर घ्यावं लागतं. तिघांत दर तिसऱ्या खेपेला. सोबती गेले की अंतर तेवढंच राहतं, फक्त आपल्या वाटणीचं वारं वाढतं.

आता एक साधा गुणाकार-भागाकार करू. ७१,००० किलोमीटर आणि त्यांचे एकूण दिवस १,६००च्या थोडे वर. बोटीचे दिवस, मुक्काम, आजारपण सगळं धरून सरासरी निघते दिवसाला ४४ किलोमीटर. चव्वेचाळीस! आमच्या भागातला दूधवाला दोन्ही वेळचे फेरे धरून जवळपास एवढी सायकल मारायचा. म्हणजे हा पराक्रम वेगाचा नाही. उद्याही निघायचं, परवाही निघायचं आणि चार वर्षांनीही निघायचं, याचा आहे.

त्यांच्या मागून आणखी काही मुंबईकर निघाले. फ्रामरोझ दावर १९२४ साली एकटा निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला आणि दोघांनी मिळून सहारा आणि अँडीज ओलांडून १९३१ साली प्रवास पुरा केला. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले, ते १९४२ साली, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना परतले. यांपैकी किती नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात होती? हकीम, बापासोला आणि भुमगरा यांनी आपल्या प्रवासाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १९३१ साली निघालं. त्याला प्रस्तावना होती जवाहरलाल नेहरूंची. तरी ते पुढे कुठे गेलं कुणास ठाऊक, अशीच अवस्था होती. पुन्हा छापून आलं ते २००८ साली.

घोळक्याने जाण्याचे नियम युरोपातही याच सुमाराला पक्के होत होते. १८९७ साली बारा इटालियन सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला, २३० किलोमीटर गेले. त्यातून 'ऑडॅक्स' नावाची चळवळ उभी राहिली. तिचा मूळ नियम असा की एक कप्तान पुढे राहून वेग ठरवील आणि त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. पहिला कोण आला हा प्रश्नच नाही, सगळे आले का हा प्रश्न. आपल्या दिंडीत वेगळं काय असतं? मुक्ताईची पालखी दर वर्षी इथून पंढरीला पायी जाते, विदर्भ-मराठवाडा ओलांडत, महिन्याभराच्या वर चालत. दिंडीत पुढे पळणाऱ्याचं कौतुक नसतं. विणेकऱ्याच्या खांद्यावरचा वीणा खाली टेकवायचा नसतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. भार खाली पडू द्यायचा नाही, हात बदलायचे.

नेहरूंचं नाव आलं म्हणून आपल्या खानदेशात परत येतो. १९३६च्या डिसेंबरच्या अखेरीला, ऐन थंडीत, यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, आणि नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावाकडच्या साहित्यातून उभारलेला मंडप. त्या अधिवेशनासाठी मुंबईहून पेटवलेली ज्योत धावकांनी टप्प्याटप्प्याने हात बदलत फैजपूरला आणली. मुंबई ते फैजपूर म्हणजे सह्याद्री चढून, नाशिक ओलांडून, तापीच्या खोऱ्यात. कुणी एकाने ती आणली असती तर त्याचं नाव घराघरांत झालं असतं. अनेकांनी आणली म्हणून ज्योत पोचली आणि नावं राहिली नाहीत. या खोऱ्यात वारं पुढून आलं की ज्योत कशी फडफडते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ती विझू न देणाऱ्या हातांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

फैजपूरच्या तयारीसाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत एक शिक्षक होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं शिकवून, छात्रालयातल्या मुलांची आई होऊन, मग तुरुंगात गेलेले पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी. जन्म कोकणातला, पालगडचा, पण कर्मभूमी खानदेश. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. एका प्रांतातल्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथे जाऊन राहावं, देश पुस्तकातून नव्हे तर माणसांतून ओळखावा. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. आंतरभारतीचं स्वप्न त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा. आता २४ डिसेंबर १९८५ची सकाळ पाहा. कन्याकुमारीला समुद्राच्या काठावरून सायकलींची एक रांग निघाली. ११६ तरुण-तरुणी. शंभर मुलगे, सोळा मुली. त्यांच्याबरोबर होते बाबा आमटे. दोन दिवसांनी त्यांना ७१ वर्षं पूर्ण होणार होती. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसता येत नव्हतं. उभं राहता येई किंवा आडवं पडता येई, मधलं काही नाही. म्हणून गाडीत बिछाना घालून, आडवं पडून ते या सायकलस्वारांबरोबर काश्मीरच्या दिशेने निघाले. नाव होतं 'भारत जोडो'.

ते वर्ष आठवा. आदल्या वर्षी सुवर्णमंदिरातली कारवाई, इंदिरा गांधींची हत्या, दिल्लीतला शिखांचा संहार. १९८५च्या जुलैत पंजाब करार झाला आणि त्यावर सही करणाऱ्या संत लोंगोवालांची ऑगस्टमध्ये हत्या झाली. आसामचं आंदोलन नुकतं करारापर्यंत आलेलं. देश तुटतो की काय, असं चहाच्या टपरीवरही बोललं जात होतं. अशा वेळी कुष्ठरोग्यांच्या बोटं झडलेल्या हातांतून आनंदवन उभं करणारा माणूस तरुणांना म्हणाला, सायकली काढा.

५,०४२ किलोमीटर, आणि एप्रिल १९८६ मध्ये जम्मू. पुन्हा भागाकार केला तर सरासरी दिवसाला पंचेचाळीसच्या आसपासच येते. मुंबईच्या त्या सहा जणांएवढीच. वेग तोच आहे, कारण माणूस तोच आहे आणि वारंही तेच आहे. फरक कशात असेल, तर निघण्याच्या कारणात. मुंबईची मुलं जग पाहायला निघाली होती. ही मुलं जगाने आपल्याला पाहावं म्हणून नाही, तर वेगवेगळ्या भाषांच्या माणसांनी एकमेकांना पाहावं म्हणून निघाली होती. केरळातल्या मुलाच्या मागे महाराष्ट्रातली मुलगी, तिच्या मागे आणखी कुणी. पुढच्याने फोडलेली हवा मागच्याला त्याची भाषा विचारून मिळत नाही. गुरुजींची आंतरभारती मला याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

आणि या ११६ जणांना पुढून वारं लागू नये म्हणून कुणी आडोसा केला होता का? मला वाटतं, केला होता. गाडीत आडव्या पडलेल्या त्या माणसाने. रस्त्यावरचं वारं नव्हे, पण "यांना कुणी सांगितलंय?" हे जे लोकांच्या तोंडचं वारं असतं, ते त्यांनी स्वतःवर घेतलं. नेता कायम पुढेच धावला पाहिजे असं नाही. मागे राहूनही त्याला पुढची जागा घेता येते.

१९८८च्या नोव्हेंबरात त्यांनी पुन्हा तेच केलं. या वेळी अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे. १९८९चा मार्च येईपर्यंत ही रांग चालली होती. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे हिवाळ्याचे सगळे महिने या मुलांनी रस्त्यावर काढले. ईशान्येच्या डोंगरांतली थंडी वेगळी, उत्तरेच्या मैदानातलं धुकं वेगळं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं खारं वारं आणखी वेगळं. हवामानाची आंतरभारतीच म्हणायची.

आता प्रामाणिकपणे विचारू. याने काय साधलं? पंजाबातली हिंसा १९८६ साली थांबली नाही. ती पुढेही काही वर्षं चालू राहिली, आणखी हजारो माणसं गेली. ईशान्येचे प्रश्न सुटले नाहीत. सायकलींच्या रांगेने देश जोडला असं म्हणणं म्हणजे भाबडेपणा होईल. शेकोटीपाशी बसलेल्या त्या माणसाचा प्रश्न असाच उडवून लावता येत नाही.

पण मला वाटतं, सायकलींच्या रांगेकडून आपण चुकीची अपेक्षा करतो. रांग वारं थांबवत नाही. वारं येतच राहतं. रांग फक्त एवढंच करते की ते एकाच छातीवर सतत येऊ देत नाही. जो प्रांत, जो समाज, जो माणूस वर्षानुवर्षं वाऱ्याच्या तोंडी उभा आहे, त्याच्या पुढे जाऊन थोडा वेळ आपण उभं राहायचं. त्याने प्रश्न सुटत नाही, पण माणूस टिकतो. आणि माणूस टिकला तर प्रश्न सुटण्याची काही आशा राहते.

शेवटी परत आमच्या रस्त्यावर येतो. हल्ली महामार्ग रुंद झालाय, कंटेनर वाऱ्यासारखे जातात आणि सायकलवाल्याला कडेची माती धरावी लागते. लांबच्या प्रवाशांची रांग कधीतरी दिसते. पण एक रांग थंडीच्या दिवसांत रोज सकाळी दिसते, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. खेड्यांतून शाळेला निघालेल्या मुलींची. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हापासून राज्यात अनेक ठिकाणी अशा रांगा दिसू लागल्या. कानाला स्कार्फ, हातात मोजे असले तर असले, कॅरिअरला दप्तर. दोघी-तिघींनी, पाच-सहा जणींनी मिळून जायचं, कारण एकटीला घरचे सोडत नाहीत.

त्यांचाही भागाकार, नाही, गुणाकार करून पाहा. जायला पाच किलोमीटर, यायला पाच. वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले तर २,२०० किलोमीटर. आठवी ते बारावी अशी पाच वर्षं म्हणजे ११,००० किलोमीटर. कन्याकुमारी ते जम्मू त्या रांगेने जेवढं अंतर काटलं, त्याच्या दुपटीहून जास्त. त्यांना निरोप द्यायला कुणी येत नाही, हार घालायला कुणी थांबत नाही, आणि पुस्तक लिहिलं तर प्रस्तावना कोण देणार? पण बघा, त्यांच्यातली एखादी थोरली वाऱ्याच्या बाजूला येते आणि धाकटीला आतल्या बाजूने घेते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

चार भावंडांतल्या सर्वांत धाकट्या मुलीचं नाव ज्या गावाला आहे, तिथल्या माणसांनी तरी त्या रांगेकडे पाहून "यांना कुणी सांगितलंय?" असं विचारू नये. शेकोटीवरून उठावं आणि ट्रकवाल्याला हात करून जरा सावकाश जायला सांगावं. तेवढं वारं आपण घेऊ शकतो.